टीव्ही घराचा, फोन एकाचा : करमणूक आपल्यापर्यंत पोचते कशी?

(कशेळे, ता. कर्जत, जि. रायगड येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय सगळ्यांच्या घरातला आहे, म्हणून सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. काल रात्री तुम्ही जे पाहिलंत, ते पाहायचं असं आधी ठरवलं होतं का? टीव्हीवर रोजची मालिका लावली असेल तर हो, ठरवलं होतं. वेळ ठरलेली, चॅनल ठरलेलं. पण फोनवर पाहिलं असेल, तर बहुतेकांचं उत्तर एकच येईल : "समोर आलं, म्हणून बघितलं."

हे "समोर आलं" आज आपल्याला उलगडायचं आहे. समोर आलं म्हणजे कोणी आणलं? कशाच्या आधारावर? आणि माझ्याच समोर का, शेजारच्याच्या समोर का नाही? टीव्ही चांगला की मोबाइल वाईट, हा वाद आपण बाजूला ठेवू. करमणूक सापडते कशी, एवढंच पाहू. त्यातून एक गोष्ट निघेल, आणि ती कशेळ्यासारख्या गावांना आणि आसपासच्या वाड्यांना शहरापेक्षा जास्त लागू पडते.

वेळ पाळण्याचे दिवस

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि पुण्याकडे चित्र दिसू लागलं. आपण मध्ये, सह्याद्रीच्या पायथ्याशी. बांबूला अँटेना बांधायची, एकाने ती फिरवायची, दुसऱ्याने दारात उभं राहून "आता आलं, आता गेलं" ओरडायचं, आणि एवढं करून पडद्यावर मुंग्या. पन्नाशीपुढच्या मंडळींना हे सांगायला नको.

त्याच्याही आधी वीज हवी. भिवपुरीचं वीजघर आपल्याच तालुक्यातलं, १९२२ साली सुरू झालेलं. पण ती वीज निघाली मुंबईकडे. वाड्यांमध्ये दिवा लागायला त्यानंतर कित्येक दशकं गेली. म्हणून सुरुवातीला टीव्ही म्हणजे गावातलं एखादं घर, नाहीतर शाळा, नाहीतर ग्रामपंचायत. करमणूक सापडायची ती अशी : कोणाकडे टीव्ही आहे ते माहीत असायला हवं आणि किती वाजता काय लागतं ते माहीत असायला हवं.

ही दुसरी माहिती मिळायची कुठून? वर्तमानपत्रात 'आजचे कार्यक्रम' अशी चौकट यायची. दूरदर्शनवर 'साप्ताहिकी' असायची, पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार ते सांगणारा कार्यक्रम. आजच्या मुलांना गंमत वाटेल, पण तो कार्यक्रमही लोक कार्यक्रम म्हणून आवडीने बघायचे. 'गजरा', 'छायागीत', 'आमची माती आमची माणसं' ही नावं आठवली की बऱ्याच जणांना वारसुद्धा आठवतो. कारण आठवड्याला त्या कार्यक्रमांचा आकार होता.

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारची सकाळ त्याने बांधून घेतली. त्यानंतर 'महाभारत'. पडद्यासमोर आजी, सून, गडी, शेजारची पोरं, सगळी एका ओळीत. प्रत्येकाची आवड वेगळी होती, पण प्रश्न आवडीचा नव्हताच. जे लागेल ते सगळ्यांनी मिळून पाहायचं. आवडलं नाही तर उठून जायचं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. टीव्ही ज्यांनी आखला, त्यांच्या डोळ्यांसमोर *घर* होतं. एक पडदा, अनेक माणसं. म्हणून बातम्या, शेती, नाटक, गाणी, मुलांचं, बायकांचं असं सगळं थोडं थोडं वाढलेलं ताट असायचं.

चॅनलं वाढली, मोजणी आली

२ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आलं. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी. २००० साली ई-टीव्ही मराठी, २४ नोव्हेंबर २००८ ला स्टार प्रवाह. आता सापडण्याची रीत बदलली. हातात रिमोट आला. "काय लागलंय" ऐवजी "कुठे काय लागलंय" असा प्रश्न झाला, आणि घरात रिमोटवरून भांडणं सुरू झाली. ते भांडण वाईट दिसत असलं, तरी ती एक प्रकारची ग्रामसभाच होती. आज कोणाचं ऐकायचं, हे एकमेकांच्या तोंडावर ठरायचं.

स्टार प्रवाहवर पहिल्या दिवसापासून 'राजा शिवछत्रपती' मालिका लागली. तिचं चित्रण कुठे झालं? आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत. म्हणजे चित्र तयार झालं इथे जवळच. तिथून ते वाहिनीकडे गेलं, मग ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहाकडे, आणि तिथून खाली कशेळ्यातल्या डिशवर. विजेचीही गत तीच होती की नाही? तयार होते इथे, निर्णय होतो दुसरीकडे.

आणि कोणती मालिका चालली, कोणती पडली, हे ठरवलं कसं? टीआरपीने. हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला आहे, त्याचं काम पाहू. देशात टीव्ही असलेली घरं २०२० च्या सुमाराला साधारण २१ कोटी होती. प्रत्येक घरात जाऊन विचारणं शक्य नाही. म्हणून बार्क ही संस्था निवडक घरांमध्ये मोजणीयंत्र बसवते. त्या वेळी अशी घरं साधारण ४४ हजार होती. भागाकार करून बघा. एक घर जवळजवळ पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलतं. भात शिजला का ते बघायला आपण एक शीत दाबतो, तसंच हे. पद्धत चुकीची नाही. मात्र शीत पातेल्याच्या कोणत्या कोपऱ्यातून घेतलं, हे महत्त्वाचं.

२०१५ च्या आधीची मोजणी मुख्यतः शहरांची होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्कचे ग्रामीण भागासह आकडे पहिल्यांदा आले. म्हणजे तोपर्यंत कशेळ्यासारख्या गावात लोक काय बघतात, याची त्या हिशेबात नोंदच नव्हती. तुम्ही बघत होतात, पण मोजले जात नव्हतात. मोजणी गावात आल्यावर काय दिसलं? महिन्याचे पैसे न लागणाऱ्या दूरदर्शनच्या फ्री डिशवरची चॅनलं एकदम वर आली. बघणारे आधीही होते. फक्त शिताची जागा बदलली.

तर टीव्हीचा हिशेब असा : थोड्यांना मोजायचं आणि सगळ्यांना एकच दाखवायचं.

फोनमधला दुकानदार

आता इंटरनेटकडे येऊ. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि पुढचे काही महिने डेटा फुकट मिळाला. बाकीच्या कंपन्यांनाही दर पाडावे लागले. व्हिडिओ पाहणं ही तोपर्यंत चैन होती, ती रोजची गोष्ट झाली. वेळापत्रक गेलं. रात्री दोनला भजन, दुपारी बाराला कुस्ती, जे हवं ते.

पण जे हवं ते सापडणार कसं? यूट्यूबवर इतके व्हिडिओ आहेत, की त्यांची 'साप्ताहिकी' करायला बसलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून निवडीचं काम यंत्राला दिलेलं आहे. त्याला अल्गोरिदम म्हणतात. शब्द अवघड आहे, काम ओळखीचं आहे.

गावातला जुना दुकानदार डोळ्यांसमोर आणा. तुम्ही आत शिरलात की तो विचारतो, "नाचणी आली आहे, देऊ का?" त्याला कसं कळतं? एक, तुम्ही मागच्या महिन्यात नाचणी नेली होती. दोन, जे नाचणी नेतात ते बहुधा गूळही नेतात, असं त्याने इतर गिऱ्हाइकांवरून पाहिलेलं असतं. म्हणून तो गूळही पुढे करतो. फोनमधलं यंत्र नेमकं हेच करतं. तुम्ही काय पाहिलंत, आणि तुमच्यासारखं पाहणाऱ्या इतरांनी आणखी काय पाहिलं, या दोन गोष्टी जुळवून लाखो व्हिडिओंमधून काहीशे बाजूला काढतं. मग त्यांची क्रमवारी लावतं. तुमच्या समोर येतात ते त्यातले वरचे दहा-वीस.

क्रमवारी कशावर लावतं? २०१२ पर्यंत यूट्यूब मुख्यतः किती जणांनी व्हिडिओ उघडला ते बघायचं. त्यामुळे लोक भडक चित्र लावून फसवायचे. मग त्यांनी माप बदललं आणि किती *वेळ* पाहिला यावर भर दिला. फसवणूक थोडी कमी झाली, पण यंत्राचं ध्येयही ठरून गेलं : माणूस थांबला पाहिजे. आणि २०१८ साली यूट्यूबच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं, की तिथे पाहिला जाणारा सत्तर टक्क्यांहून जास्त वेळ यंत्राने सुचवलेल्या गोष्टींवर जातो. शोधून पाहणं मागे पडलं. म्हणूनच आपण म्हणतो, "समोर आलं."

हा दुकानदार लबाड आहे असं समजू नका. मात्र दोन गोष्टींत तो आपल्या दुकानदारापेक्षा वेगळा आहे. पहिली, त्याला तुमच्या खिशापेक्षा तुमचा वेळ हवा असतो, कारण वेळेवर जाहिराती बसतात. दुसरी, तो तुमचा चेहरा पाहत नाही. त्याला फक्त बोट दिसतं.

चार माणसांचं एक बोट

आता आपण मुद्द्यावर आलो. यंत्र धरून चालतं, की एक फोन म्हणजे एक माणूस. मुंबईत बऱ्याच घरांत तसं असेलही. आपल्याकडे वाडीवर काय असतं? घरात चांगला फोन एक. सकाळी आजोबा त्यावर भजन ऐकतात. दुपारी आई एखादा पदार्थ बघते. संध्याकाळी पोर कार्टून लावून जेवतं. रात्री मोठा मुलगा रील्स बघत झोपतो. चार माणसं, पण यंत्राला एकच बोट दिसतं.

मग ते काय करतं? या चौघांची बेरीज करून एक पाचवा माणूस तयार करतं. भजन, भाजी, कार्टून आणि मारामारी आवडणारा असा माणूस घरात कोणीच नसतो, पण फोन त्याच्यासाठी निवड करतो. त्यातही जो जास्त वेळ बघतो, त्याचं वजन जास्त. बहुधा तो रात्रीचा मुलगा. म्हणून सकाळी आजोबा फोन उघडतात तेव्हा भजन खाली गेलेलं असतं. आणि संध्याकाळी पाच वर्षांच्या पोराच्या हातात फोन येतो, तेव्हा कार्टून संपताच पुढे काय लागेल, हे रात्री दादाने काय पाहिलं यावरही अवलंबून असतं.

आईवडील म्हणतात, "मोबाइल वाईट." मुलाला रागावतात. पण मुलाने काही शोधलेलंच नसतं. त्याच्यापुढे जे आलं, ते दुसऱ्याच्या आवडीचं उष्टं होतं. टीव्ही घरासाठी केलेला आणि घराने वापरलेला. फोन एकासाठी केलेला आणि आपल्याकडे घराने वापरलेला. बरीचशी गडबड या न जुळण्यात आहे.

टीव्हीसमोर अशी चूक झाली तर ती चारचौघांत व्हायची. नको ते लागलं तर कोणीतरी खाकरायचं, कोणीतरी रिमोट घ्यायचं. फोनवर खाकरणारा कोणी नसतो.

मिळालं काय?

इथे थांबलो तर चित्र एकतर्फी होईल. टीव्हीच्या काळात मराठी गावाची गोष्ट लिहायची शहरात आणि दाखवायची गावाला, असंच बहुतेक चालायचं. इंटरनेटने ती वाट उलटी केली. 'गावाकडच्या गोष्टी' ही मालिका पाहा. बारामती तालुक्यातली 'चांडाळ चौकडीच्या करामती' पाहा. गावातली माणसं, गावातली बोली, गावातलाच पार. कोणत्याही वाहिनीच्या दारात न थांबता ती लाखो लोकांपर्यंत गेली. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे सत्तरीच्या घरात 'आपली आजी' म्हणून घराघरांत पोचल्या, ते आपल्या रोजच्या स्वयंपाकाच्या जोरावर. टीआरपीच्या हिशेबात या आजींना जागा मिळाली असती का? अवघड होतं.

मग आपल्या भागाचं काय? ठाकरवाडीतला ढोल, गावातला बाल्या नाच, कातकरी बोलीतल्या गोष्टी. त्या बोलीला टीव्हीवर फारसा वेळ मिळाला नाही. कातकरी समाज हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे, आणि त्यांच्या पोरांना स्वतःच्या बोलीतली करमणूक पडद्यावर सहज सापडत नाही. इंटरनेटवर जागेची टंचाई नाही. अडचण सापडण्याची आहे.

सण-समारंभाला आपण सगळेच चित्रण करतो. ते टाकतो कसं? नाव न देता, किंवा फोनने दिलेला तारखेचा आकडा तसाच ठेवून. नाहीतर इंग्रजी अक्षरांत अर्धवट काहीतरी. यंत्र नाव वाचतं. नाव नाही तर ते कोणाला दाखवायचं हे त्याला कळत नाही. तेव्हा नाव पूर्ण द्या : काय आहे, कोणत्या गावचं, कोणता तालुका, कोणती बोली, कोणतं वर्ष. देवनागरीत द्या. खाली दोन ओळी लिहा. उद्या शहरात कामाला गेलेला आपलाच मुलगा गावाचं नाव घालून शोधेल, तेव्हा त्याला ते सापडेल.

घरी जाऊन काय करायचं?

सोप्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, मागून घ्या. फोन उघडल्यावर समोर आलेलं पाहण्याआधी, काय हवं ते नाव घेऊन शोधा. लिहिता येत नसेल तर माइकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोला. आजी-आजोबांना ही एक गोष्ट शिकवली, तर त्यांना कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दूरदर्शन सह्याद्रीचे कितीतरी जुने कार्यक्रम यूट्यूबवर आहेत, ते असेच मागून मिळतात.

दुसरी, पोराच्या हातात फोन देताना मुलांसाठीचं वेगळं ॲप उघडून द्या, आणि एकामागून एक आपोआप लागणारं 'ऑटोप्ले' बंद करा. एक संपलं की थांबतं. मग पोर तुमच्याकडे येतं. ते येणं महत्त्वाचं आहे.

तिसरी, नको ते आलं तर नुसतं पुढे सरकवू नका. त्या व्हिडिओच्या बाजूला तीन ठिपके असतात, तिथे 'स्वारस्य नाही' असं असतं, ते दाबा. मध्येच 'वॉच हिस्टरी', म्हणजे पाहिल्याची यादी, उघडून घरात बसून वाचा आणि नको ते काढा. दुकानदाराची वही आपण तपासू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

चौथी, आठवड्यातून एकदा एक पडदा, सगळं घर. टीव्हीवर असो की फोन उभा करून असो. आज काय बघायचं यावर भांडा. भांडण झालं तर बिघडत नाही.

श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे जुना टीव्हीच बरा होता, असं म्हणायचं आहे का?

नाही. त्या टीव्हीने आपल्याला मोजलंसुद्धा नव्हतं. २८ मार्च २०२० ला, टाळेबंदीत, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि घरंच्या घरं पुन्हा ठरल्या वेळी पडद्यासमोर बसली. तीच मालिका शोधली तर फोनवरही सापडते. तरी लोक नऊ वाजता बसले, कारण शेजारीही त्याच वेळी बघतो आहे, उद्या त्यावर बोलता येईल, हे त्यांना ठाऊक होतं. करमणुकीतला तेवढा भाग कोणतंही यंत्र सुचवू शकत नाही. तो आपणच ठरवायचा असतो. नव्या यंत्राकडून हवं ते मागून घ्यायचं, आणि पाहिलेलं एकमेकांना सांगायचं. दोन्ही करता येतं.

आज घरी गेल्यावर एवढंच करून बघा. फोन उघडा आणि वरचे पहिले दहा व्हिडिओ घरातल्या सगळ्यांना दाखवून विचारा, यातलं कोणतं कोणासाठी आलंय? उत्तरं ऐकली की आजचं व्याख्यान पुन्हा वाचावं लागणार नाही.